दुपारी चालणारा ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. ड्रोन उडत असताना ती लाल बटणावर हात ठेवून बसायची आणि जरा काही वेगळं दिसलं की बटण दाबून मोकळी व्हायची. ड्रोन धप्पकन खाली गादीवर. बाकीचे कपाळाला हात लावायचे.

"अहो, काही होत नव्हतं!"

"होत नव्हतं म्हणूनच दाबलं," ती म्हणायची. "झाल्यावर दाबून काय करू?"

तिच्या पीएचडीचा विषय घरी-दारी कुणाला नीट कळला नव्हता. एक आत्या भेटेल तेव्हा विचारायची, "म्हणजे तू पायलट होणार का गं?" नाही, ज्यात पायलटच नसतो अशा विमानाचं काम आहे, असं सांगितलं की आत्याचा चेहरा पडायचा. "मग चालवतं कोण?" हाच तर प्रश्न होता. ड्रोन असो की उद्याची हवाई टॅक्सी, आपली वाट आपण ठरवणारं यंत्र माणसांच्या डोक्यावरून न्यायचं तर त्याने कसा विचार करावा, यावर ती काम करत होती. ती आत्याला समजवायची, गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. हवेला कडा नसते. म्हणून पुढे सरकण्याआधी यंत्राला ठाऊक पाहिजे, की आत्ता या क्षणी काही बिनसलं तर मी कुठे थांबेन, कुठे उतरेन. ते ठाऊक नसेल तर पुढे जायचंच नाही.

आत्या म्हणायची, "असा विचार करत बसलं तर माणूस घराबाहेरच पडणार नाही."

अपघातामुळे तिने हा विषय घेतला, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तसं काही नव्हतं. विषय तिच्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच दिला होता. दुसऱ्या वर्षी आवाराच्या फाटकाशी मागे येणाऱ्या एका टँकरने तिला भिंतीशी दाबलं. उजव्या मांडीचं आणि खुब्याचं हाड मोडलं. बरेच महिने अंथरूण, मग वॉकर, मग काठी. शेवटी काठीही सुटली, पण पहिली चाल काही परत आली नाही. उजव्या पायावर भार आला की ती अख्खी त्या बाजूला कलायची आणि मग सावरायची.

तिची थोरली बहीण हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. दोघी एकत्रच राहायच्या. धाकटीला पुन्हा चालायला ताईनेच शिकवलं, आणि शिकवताना इतकी ओरडली, की शेजाऱ्यांना वाटायचं घरात भांडण जुंपलंय.

ती कामावर परतली तेव्हा प्रबंध दोन वर्षं मागे पडला होता. बरोबरचे पुढे निघून गेले होते. हॉल मात्र तसाच होता. एकेकाळी तिथे बॅडमिंटन खेळायचे. जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा अजून पुसट दिसत. आता छतापासून जमिनीपर्यंत जाळी सोडलेली होती आणि भिंतींवर चारही बाजूंनी कॅमेरे होते. हे कॅमेरे माणसं बघत नाहीत. ते फक्त चकाकणारे मणी बघतात. ड्रोनवर असे मणी चिकटवलेले असत, आणि जाळीत जाणाऱ्या माणसाने डोक्यावर एक मणी लावलेली टोपी घालायची असा नियम होता. टोपी घातली की पडद्यावर तुमचा एक ठिपका व्हायचा. ड्रोनला हॉलमधलं एवढंच कळायचं : कुठे ठिपका आहे, कुठे नाही. ठिपका आला की त्याने बाजूला व्हायचं. तिच्या सगळ्या कामाची परीक्षा यातच होती, की माणसं बिनधास्त फिरत राहावीत आणि सांभाळायचं ते यंत्राने सांभाळावं.

उकाड्याचे दिवस सुरू झाले तेव्हाची गोष्ट. जेवणं आटोपली होती. हॉलच्या छताला नुकतेच बसवलेले मोठे पंखे घरघरत होते. ड्रोन रिकाम्या हॉलमधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला होता, आणि मध्येच थबकला. किंचित मागे आला. डावीकडे सरकला, तिथे थोडा वेळ तरंगत राहिला आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागला. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण अंग चोरून उभे राहतो ना, तसं.

हॉलचे तंत्रज्ञ तिच्या शेजारीच उभे होते. पन्नाशीचा माणूस, खिशात कायम एक छोटा पाना असायचा म्हणून सगळे त्यांना पाना म्हणायचे. ती काका म्हणायची.

"कुणाला वाट दिली हो याने?" काका हसत म्हणाले.

तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक ठिपका होता. हॉलच्या दाराकडून खिडकीकडे चालला होता.

खोटे ठिपके त्यांना नवे नव्हते. कुणाची अंगठी चमकते, कुणाच्या पिशवीची चेन चमकते, आणि कॅमेऱ्याला वाटतं मणी आहे. त्यांना या धंद्यात भूतच म्हणतात, आणि 'आज दोन भुतं आहेत' हे वाक्य तिथे चहा मागवल्याच्या सुरात बोललं जायचं. पण अंगठीचं भूत अंगठीपाशी असतं. हे चालत होतं. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, माणसाच्या वेगाने. खिडकीपाशी पोचल्यावर भिंतीला न भिडता आधीच वळलं आणि परत निघालं.

काका हसायचे थांबले. तिने बटण दाबलं.

मग शोध सुरू झाला. खिडक्यांना काळे पडदे लावले. सगळ्यांनी घड्याळं, चष्मे, पट्टे काढून बाहेर ठेवले. काकांनी शिडीवर चढून एकेक कॅमेरा पुसला. टोप्या मोजून कपाटात कुलूपबंद केल्या. दोन दिवस काही झालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रोन पुन्हा हवेत थबकला आणि त्याने कुणाला तरी वाट दिली.

रोज यायचं असं नाही. कधी सलग यायचं, कधी आठवडाभर फिरकायचं नाही. सकाळी कधीच नाही. कधी चालता चालता हॉलच्या मधोमध विझून जायचं. लोकांनी चेष्टेत त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, "या, बसा, चहा घेणार?" पण हळूहळू दुपारी हॉलमध्ये थांबायला सगळे टाळाटाळ करायला लागले. कुणाचं बँकेत काम निघायचं, कुणाचं डोकं दुखायचं.

मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या आणि भुताखेतांच्या गप्पांना त्यांच्याकडे थारा नव्हता. त्या येऊन खुर्चीवर बसल्या, ड्रोनचं ते अंग चोरणं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कारण सापडेपर्यंत तिथे माणूस आहे असं धरायचं."

"मॅडम, तिथे कोणी नाहीये."

"तुला कोणी दिसत नाही, एवढंच तू सांगू शकतेस. तुझ्याच प्रबंधात लिहिलंयस ना, की जागा मोकळी आहे हे कळेपर्यंत ती मोकळी नाही?"

लिहिलं होतं खरं. पण लिहिणं वेगळं आणि भर दुपारी त्या रिकाम्या हॉलमध्ये एकटीने बसणं वेगळं.

आणि एका दुपारी ती एकटीच होती. तिचं टेबल जाळीच्या आत, भिंतीजवळ होतं. ती कामावर परतल्यावर काकांनीच तिथे मांडून दिलं होतं, फार चालायला लागू नये म्हणून. ड्रोन जमिनीवर होता. तिने पडदा सहज चालू ठेवला होता. ठिपका दाराशी उगवला. नेहमीसारखा चालत आला, खिडकीकडे गेला, वळला. परत येताना त्याची वाट थोडी बदलली आणि तो तिच्या टेबलाच्या दिशेने यायला लागला. पडद्यावर टेबलाची चौकट आखलेली होती. तिच्या टोपीचा ठिपका त्या चौकटीशी स्थिर होता. दुसरा ठिपका चौकटीपर्यंत आला आणि थांबला.

तिने मान वर केली. समोर टेबल, टेबलावर पाण्याची बाटली, पलीकडे जाळी. पंख्याच्या वाऱ्याने जाळी हलत होती. तिला वास आला नाही, गार वाटलं नाही, आवाज आला नाही. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ठिपका हलला, टेबलातून सरळ पुढे आला, तिच्या ठिपक्यावर चढला, क्षणभर पडद्यावर दोघांचा मिळून एकच ठिपका दिसला, आणि मग तो तिच्या मागच्या बाजूने निघून दाराकडे गेला.

तिला काहीही जाणवलं नव्हतं. तीच गोष्ट तिच्या मनातून जाईना. अंगातून कोणीतरी आरपार गेलं आणि अंगाला पत्ताही नाही.

घरी तिने ताईला काही सांगितलं नाही. फक्त जेवताना म्हणाली, "हॉलमध्ये फार उकडतं." ताई म्हणाली, "मग उन्हाळ्यात काय थंडी वाजेल?"

त्यातच हवाई टॅक्सी बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं काम बघायला येणार असं ठरलं. दुपारीच येणार होती. तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : पाहुणे रांगेत बसलेत, ड्रोन निघालाय, आणि मध्येच रिकाम्या जागेपुढे आदबीने उभा राहिलाय. मागे पडलेली दोन वर्षं, ताईची खाल्लेली बोलणी, सगळं त्या एका थबकण्यात मातीत जाणार. म्हणून तिने मॅडमना न विचारता प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. दुसऱ्या कुठल्याही वस्तूशी न जोडलेला, डोक्याच्या उंचीवर चालणारा एकटा ठिपका दिसला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. बस.

दुपारी तिने ड्रोन सोडला. काका चहाला गेले होते. ठिपका उगवला. ड्रोन सरळ गेला, त्याच्यातून आरपार गेला, जराही न डगमगता. तिने मोठा श्वास सोडला. ड्रोन पुन्हा सोडला, पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला पडद्यावर ठिपका पुन्हा मध्यावर आला आणि ड्रोन त्याच्या रोखाने निघाला. ती पडद्याकडेच बघत होती. मग तिला पावलं ऐकू आली.

ठिपक्याला पावलांचा आवाज कधीच नव्हता.

तो ठिपका काकांचा होता. ते चहा पिऊन परतले होते. हातात एक बॅटरी होती, आणि बॅटऱ्या ठेवायचं टेबल जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं. त्यांनी टोपी घातली होती, नियमाप्रमाणे, आणि वर्षानुवर्षं जसे ड्रोनकडे न बघता जात तसेच ते निघाले होते. यंत्र वाट देतं हे त्यांना ठाऊक होतं. तिनेच त्यांना ते शिकवलं होतं.

"काका, खाली!" ती ओरडली आणि बटणावर हात आपटला.

ड्रोनचे पंखे थांबले, पण वेग होताच. तो तिरका खाली आला, काकांची टोपी घेऊन गेला आणि गादी चुकवून रेघेपलीकडे आपटून फुटला. काका खाली बसले होते. एका हातात अजून बॅटरी होती. दुसरा हात कानावर, आणि बोटांमधून रक्त.

"दिली नाही हो वाट," ते म्हणाले. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखे.

कानाला टाके पडले. मॅडमनी तिच्या त्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. मग म्हणाल्या, "भूत पुसायला गेलीस आणि माणूस पुसलास." आणि थोड्या वेळाने, "घरी जा. उद्या सुट्टी घे. हॉल बंद राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची हॉस्पिटलातून रजा होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. धाकटी समोर लॅपटॉप उघडून बसली. आदल्या दिवशीचं सगळं तिने सांगून टाकलं होतं, रडून झालं होतं, ताईने ओरडायचं तेवढं ओरडूनही घेतलं होतं. आता ती ठिपक्याच्या चालीची नोंद पुन्हा पुन्हा लावून बघत होती. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, डावीकडून उजवीकडे. जरा वर, जरा खाली, वर, खाली.

ताईने शेंग तोडता तोडता तिरक्या नजरेने पाहिलं. "ही कोण?"

"ही कशावरून? ठिपका आहे तो."

"बाई आहे. तरुण आहे. घाईत आहे." ताईने मान वाकडी केली. "पुन्हा लाव." तिने पुन्हा लावलं. ताईचा हात शेंगेवर थांबला. "आणखी एकदा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ताई उठली. लॅपटॉप बंद करून म्हणाली, "छोटे, जरा पॅसेजमधून चालून दाखव."

"का?"

"चाल म्हणते ना."

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. ताई तिच्या पायांकडे बघतच नव्हती. डोक्याकडे बघत होती.

"नाही," ताई म्हणाली. "ही तू नाहीस. पण तूच होतीस." तिचा आवाज हॉस्पिटलातला नव्हता, फार हळू होता. "लहानपणापासून तू डाव्या बाजूला झुकून चालायचीस. जड पिशवी घेतल्यासारखी. आणि दर काही पावलांनी एक पाऊल लांब टाकायचीस, उगाच, उडी मारल्यासारखं. आई त्यावरून चिडवायची. तुला पुन्हा चालायला शिकवलं ना, तेव्हा ती सवय मीच मोडली. डावीकडे झुकलीस तर उजवा पाय कधीच भार घेणार नाही म्हणून." तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "ही अपघाताआधीची आहे."

धाकटी पॅसेजमध्येच उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी धुत होतं, पाण्याचा आवाज येत होता. चांगलं ऊन होतं.

"माझ्यातून गेली ती," ती म्हणाली. "परवा. टेबलाशी थांबली आणि मग गेली."

ताई जवळ येऊन तिचा दंड धरून उभी राहिली, पहिल्यांदा वॉकर सोडला त्या दिवशी धरला होता तसा.

आणि असं धरलेलं असतानाच तिला आठवलं. अपघाताच्या आधी हॉलमध्ये चालणारं माणूस कसं दिसतं हे ड्रोनला शिकवायचं होतं. रोज कुणाला बोलावणार? म्हणून तीच टोपी घालून चालली होती, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत, आणि ते चालणं तिने नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे हॉलमध्ये कुणी नसलं तरी तिचा ठिपका ड्रोनपुढे सोडता येईल. ते कुठल्या संगणकावर होतं? हॉलमागच्या कोठीतल्या. आणि त्या कोठीत अपघातानंतर ती कधी गेलीच नव्हती. पुढे काम नव्या यंत्रांवर सुरू झालं होतं.

दुपारी हॉल उघडला, सवयीने पंखे लागले. मॅडम होत्या, कानाला पट्टी बांधलेले काका होते, आणि नको म्हटलं तरी ताई आली होती. काकांनी कोठीचं दार ढकललं. आत मोडक्या खुर्च्या, जुन्या जाळ्यांची भेंडोळी आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं काहीतरी. कुणीही तिथे फिरकत नव्हतं. जमिनीवरच्या धुळीत पावलं नव्हती. काकांनी चादरीवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले.

चादर काढली. संगणक चालू होता. आतला पंखा बारीक आवाज करत फिरत होता. त्यांनी शोधून एक पडदा जोडला, आणि पडद्यावर तो ठिपका चालत होता, डावीकडे कलून, मध्येच एक पाऊल लांब टाकत.

उलगडा काकांनीच केला. छताचे नवे पंखे बसवताना वायरमनने बाहेरच्या बोर्डातूनच कोठीतला तो सॉकेट पंख्यांच्या बटणालाच जोडून टाकला होता. उकाडा झाला, जेवणानंतर कुणी पंखे लावले, की इकडे संगणक उठायचा. आणि उठला की शेवटी सांगितलेलं काम पुन्हा करायला घ्यायचा. तशीच त्याची रचना तिने केली होती. पंखे बंद केले की ठिपका चालता चालता विझायचा. कॅमेऱ्यांना तो कधी दिसलाच नव्हता. तो तारेतून येत होता, आणि ही मंडळी हॉलभर अंगठ्या शोधत होती.

"शेवटचं काम कधी सांगितलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

तिने नोंद पाहिली. अपघाताच्या दिवसाची सकाळ होती. चालणं त्याच सकाळी नोंदवलेलं. ते लावून ठेवून, जेवून आल्यावर बघते असं काकांना सांगून ती बाहेर पडली होती, आणि फाटकाशी टँकर मागे येत होता.

मग तिने विचारलं, "यात थांबणं कुठे आहे?"

"काय?"

"ती माझ्या टेबलाशी थांबली होती. त्या दिवशी वाटही बदलली होती." तिने ती नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावली. दार, खिडकी, वळण, दार. पुन्हा दार. कुठेही थांबणं नव्हतं. सरळ जाणं आणि सरळ येणं.

काका म्हणाले, "तार जुनी आहे. मध्येच अडकलं असेल. अडकलं की ठिपका थांबलेला दिसतो, इकडेतिकडे सरकतोही." मॅडमनी मान हलवली. ते पटण्यासारखं होतं. तिनेही पटवून घेतलं.

"बंद करू?" काकांनी विचारलं.

"जरा थांबा," ती म्हणाली.

ती टोपी घालून जाळीत गेली. ताई जाळीबाहेर पडद्यापाशी उभी राहिली. ड्रोन नव्हता, हॉल मोकळा होता, खिडक्यांचे काळे पडदे काढलेले होते आणि जमिनीवर उन्हाचे चौकोन पडले होते. "आता दाराशी आहे," ताई म्हणाली. "निघाली." ती निघाली. "तुझ्या पुढे आहे. दोन हात." ती भरभर चालायला लागली. खुबा दुखायला लागला. "चार हात," ताई म्हणाली. आणि मग, "राहू दे छोटे, तुला नाही गाठता येणार."

ती हॉलच्या मधोमध थांबली. धाप लागली होती.

"खिडकीशी वळली," ताईचा आवाज आला. "तुझ्याकडे येतेय. सरळ तुझ्याकडे."

तिच्यासमोर ऊन होतं आणि उन्हात तरंगणारी धूळ. ताई मोजल्यासारखं सांगत होती, जवळ आली, आणखी जवळ, आणि शेवटी ताईने सांगायचंच बंद केलं. तेव्हा तिने डावं पाऊल मागे घेतलं आणि अंग चोरून बाजूला झाली. कुणीतरी पुढून निघून जाईल इतका वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "करा बंद."

कोठीतल्या पंख्याचा आवाज थांबला.

कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात आली. काका टोपी घालून जाळीत फिरले. कानाची पट्टी निघाली होती. ड्रोनने दर वेळी वाट दिली. तिने मात्र बटणावरचा हात एकदाही काढला नाही. पाहुण्यांना आवडलं. ठिपक्याकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या त्या चार ओळींचीही हकीकत तिने त्यांना सांगितली, मॅडम नको म्हणाल्या नव्हत्या म्हणून, आणि त्यावर प्रबंधात एक प्रकरण लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "तुमचं यंत्र नसलेल्या माणसाला वाट देत होतं. त्याला शहाणं कसं म्हणायचं?"

"नव्हतं हे आम्हाला नंतर कळलं," ती म्हणाली. "त्या वेळी यंत्राला जेवढं माहीत होतं, त्यात ते बरोबर होतं. चूक मी केली होती."

परीक्षक थोडे हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

आता ती हवाई टॅक्सीच्या चाचणीच्या मैदानावर काम करते. तिथेही तिचं नाव पोचलंय. उड्डाण थांबवलं की कुणीतरी मागून म्हणतंच, ब्रेकबाईने दाबलं. माणसं बसवून पहिली उड्डाणं सुरू झाली तेव्हा कर्मचाऱ्यांना घरचं एक माणूस आणायची मुभा होती. तिने ताईला नेलं. ताई हॉस्पिटलात मोडलेल्या माणसांना उभं करते, पण त्या काचेच्या डब्यात बसल्यावर तिने बहिणीचा हात असा आवळला, की बोटं पांढरी पडली.

सकाळ होती. टॅक्सी गच्च्यांवरून संथ चालली होती. थोड्या वेळाने ताईने डोळे उघडले, मग खाली बघायला लागली. त्यांची सावली त्यांच्याबरोबर पळत होती, एका छपरावरून दुसऱ्यावर. एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं नाही. आवाजही ऐकू आला नसावा, कारण टॅक्सी फार उंच होती आणि बाई पाठमोरी होती. सावली गच्चीच्या कठड्याशी आली, तेव्हा त्या बाईने हातातली चादर तशीच धरून दोन पावलं मागे घेतली, सावली पुढून जाऊ दिली, आणि पुन्हा दोरीपाशी गेली.

"बघितलंस?" ताईने विचारलं.

"हो."

दोघींपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही. टॅक्सीने वळण घेतलं आणि उतरायला सुरुवात केली.